पाण्याखालचा पिंग

गेल्या मे महिन्यात रत्नागिरीला मिरकरवाडा बंदरात एका मित्राच्या काकांच्या ट्रॉलरवर चढलो होतो. पावसाळी मासेमारी बंदी सुरू व्हायला जेमतेम दोन आठवडे उरले होते. काका स्वतः तांडेल. केबिनमध्ये देवाच्या फोटोशेजारी दोन स्क्रीन होते. एक जीपीएसचा, तो मला ओळखीचा. दुसरा फिश फाइंडर. काकांनी माझ्यासाठी तो सुरू केला. काळ्या पडद्यावर खाली जाड लाल पट्टा सरकायला लागला.

"हा तळ," काका म्हणाले. "याच्या वर असा डाग आला की समजायचं, म्हावरं आहे."

मी म्हटलं, "मग काम सोपं झालं असेल ना?"

"सोपं कसलं रे! दिसतं ते सगळ्यांनाच दिसतं. आणि दिसतं ते आत्ताचं. गेल्या वर्षी हितं किती होतं, ते यात दिसत नाय."

माझं काम सर्व्हरशी. दिवसातून दहा वेळा तरी टर्मिनलमध्ये 'पिंग' टाइप करतो. समोरचं मशीन जिवंत आहे का, हाक मारल्यावर किती मिलिसेकंदांत उत्तर येतं, हे सांगणारी ही कमांड. माइक मूस या अमेरिकन प्रोग्रामरने ती डिसेंबर १९८३ मध्ये लिहिली आणि तिला नाव दिलं ते सोनारच्या आवाजावरून. म्हणजे काकांच्या बोटीखालचं यंत्र आणि माझी कमांड एकाच घराण्यातली. हाक मारायची, प्रतिध्वनीची वाट बघायची आणि लागलेला वेळ मोजायचा.

पुण्याला परतल्यावर मी या घराण्याचा इतिहास वाचायला लागलो. काकांचं वाक्य डोक्यात होतंच. वाचता वाचता कळलं की तेच वाक्य शिकायला नॉर्वे आणि आइसलंडला फार मोठी किंमत मोजावी लागली होती.

घंटा आणि हिमनग

पाण्यात उजेड फार लांब जात नाही. रेडिओ लहरी तर समुद्राच्या खाऱ्या पाण्यात शिरल्या शिरल्या विरून जातात, म्हणून पाण्याखाली ना जीपीएस चालतं ना वायफाय. आवाजाचं मात्र उलट आहे. हवेपेक्षा पाण्यात तो चौपटीहून जास्त वेगाने आणि कितीतरी लांब जातो.

हा वेग नीट मोजला गेला तो १८२६ साली, जिनिव्हा सरोवरात. कोलादों आणि स्टुर्म हे दोन संशोधक रात्री दोन होड्या घेऊन एकमेकांपासून साडेतेरा किलोमीटरच्या आसपास उभे राहिले. एका होडीवरून पाण्यात सोडलेल्या घंटेवर ठोका पडायचा आणि त्याच क्षणी वर बंदुकीच्या दारूचा भपका उडायचा. दुसऱ्या होडीत कोलादों पाण्यात बुडवलेल्या लांब नळीला कान लावून बसलेले. भपका दिसला की घड्याळ सुरू, ठोका ऐकू आला की बंद. मध्ये नऊ सेकंदांहून थोडा जास्त वेळ जाई. उत्तर आलं सेकंदाला १४३५ मीटर. समुद्राच्या पाण्यात हा वेग साधारण १५०० मीटर धरतात.

पुढची जवळजवळ नव्वद वर्षं या आकड्याचा माशांशी काही संबंध आला नाही. १९१२ साली टायटॅनिक बुडालं आणि पाण्याखालचे हिमनग कसे ओळखायचे, या प्रश्नाला एकदम घाई आली. १९१४ च्या एप्रिलमध्ये रेजिनाल्ड फेसेंडेन यांनी उत्तर अटलांटिकमध्ये जहाजावरून आवाज सोडून सुमारे दोन मैलांवरच्या हिमनगाचा प्रतिध्वनी पकडला. मग महायुद्ध आलं आणि हिमनगांची जागा पाणबुड्यांनी घेतली. फ्रान्समध्ये पॉल लांजव्हँ यांनी क्वार्ट्झच्या स्फटिकाला वीज देऊन तो थरथरवला, त्यातून कानाला ऐकू न येणारा आवाज काढला आणि १९१८ साली पाणबुडीचा प्रतिध्वनी मिळवला. आजच्या फिश फाइंडरमध्येही तत्त्व तेच आहे, फक्त क्वार्ट्झच्या जागी दुसरं सिरॅमिक आलंय.

युद्ध संपल्यावर हेच तंत्र खोली मोजायला आलं. तोपर्यंत दोरीला शिशाचा गोळा बांधून तो तळाला टेकवायचा आणि दोरी मोजायची, अशी पद्धत होती. आता जहाजाखालून एक टिक सोडायची, ती परत यायला लागलेला वेळ निम्मा करायचा, वेगाने गुणायचं. चाळीस मीटर खोलीसाठी साधारण ५३ मिलिसेकंद. माझ्या ऑफिसच्या वायफायचा पिंगही वाईट दिवशी एवढाच येतो.

तळाच्या वरची रेघ

या सगळ्यात कुणीही मासे शोधायला निघालं नव्हतं. यंत्र तळासाठी होतं. कागदाच्या पट्टीवर तळाची रेघ उमटायची आणि कधीकधी तिच्या वर, जिथे नुसतं पाणी असायला हवं तिथे, आणखी काहीतरी उमटायचं. आमच्या भाषेत, सिग्नलमधला नॉइज. खोली मोजणाऱ्याला त्या डागांची कटकटच वाटणार.

ज्यांना कटकट वाटली नाही असे काही लोक निघाले. जपानमध्ये १९२९ साली किमुरा या संशोधकाने माशांच्या तळ्यात आवाजाचा झोत सोडून पाहिला. मासे मध्ये आले की पलीकडे पोचणाऱ्या आवाजात चढउतार व्हायचे. इंग्लंडमध्ये रोनाल्ड बॉल्स नावाचे हेरिंग पकडणाऱ्या बोटीचे कप्तान होते. तिशीच्या दशकात त्यांनी आपल्या बोटीवर हे यंत्र बसवून घेतलं आणि कागदावर कोणता डाग उमटला असता जाळ्यात काय आलं, याच्या नोंदी वर्षानुवर्षं ठेवल्या. १९४८ साली त्यांचा अनुभव शास्त्रीय नियतकालिकात छापून आला. रोज समुद्रावर जाणाऱ्या एका मच्छीमाराचा डेटासेट होता तो.

शास्त्रज्ञांना खरा धक्का बसला तो ऑस्कर सुंड यांच्या कागदाने. नॉर्वेच्या उत्तरेला लोफोटेन नावाची बेटं आहेत. दर हिवाळ्यात बॅरेंट्स समुद्रातला कॉड मासा अंडी घालायला तिथे येतो आणि त्याच्या मागे हजारो मच्छीमार येतात. शतकानुशतकं हे चालू आहे, पण पाण्याखाली ते मासे नेमके कसे राहतात, हे कुणी पाहिलं नव्हतं. सुंड यांनी 'योहान हयोर्ट' या संशोधन जहाजावरून तिथे आवाज सोडला आणि त्याचा कागद १९३५ साली 'नेचर'मध्ये छापला. कॉड पाण्यात इकडेतिकडे विखुरलेला नव्हता. तळापासून वर, एका ठरावीक खोलीवर, पातळ थर करून तो पसरला होता. खाली तळाची रेघ, मध्ये मोकळं पाणी आणि वर माशांचा पट्टा.

पोटातली हवेची पिशवी

दुसऱ्या महायुद्धात समुद्र ऐकणाऱ्यांची संख्या एकदम वाढली आणि नॉइजही वाढला. १९४२ साली कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्याजवळ सोनारवर काम करणाऱ्यांना काहीशे मीटर खोलीवर एक तळ दिसायला लागला. खरा तळ तर त्याच्या कितीतरी खाली होता. हा खोटा तळ रात्री वर यायचा आणि पहाटे पुन्हा खाली जायचा. १९४५ मध्ये मार्टिन जॉन्सन या जीवशास्त्रज्ञाने हे चढणं-उतरणं नोंदवून दाखवलं की हा थर जिवंत आहे. छोटे मासे आणि इतर जीव अंधार पडला की खायला वर येतात आणि उजाडायच्या आत खोल लपतात. रोज रात्री जगभरच्या समुद्रांत ही ये-जा होते आणि ती कळली पाणबुड्या शोधणाऱ्यांच्या यंत्रातल्या गडबडीमुळे.

त्याच वर्षी अमेरिकेच्या दुसऱ्या किनाऱ्यावर, चेसापीक उपसागरात, पाणबुड्यांची चाहूल घ्यायला पाण्यात मायक्रोफोन सोडले होते. त्यांत भलताच ठोकाठोकीचा आवाज यायला लागला. तो क्रोकर माशांचा निघाला. पुढे अमेरिकन नौदलाने कुठला मासा कसा आवाज काढतो हे शोधायला एका जीवशास्त्रज्ञ बाईंना मदत केली. त्यांचं नाव मरी पोलंड फिश. आडनावच फिश! त्यांनी शेकडो जातींचे आवाज ऐकले, नोंदवले.

खोटा तळ आणि ठोकाठोकी, या दोन्हींच्या मुळाशी बऱ्याच अंशी एकच अवयव आहे: माशाच्या पोटातली हवेची पिशवी. शास्त्रात तिला वाताशय म्हणतात. पाण्यात तरंगत राहायला ती उपयोगी पडते. माशाचं मांस आवाजाच्या दृष्टीने जवळजवळ पाण्यासारखंच, त्यामुळे लहर त्यातून आरपार जाते. हवा मात्र पाण्याहून इतकी वेगळी की लहर तिच्यावर आपटून परत फिरते. ज्या माशाला वाताशय असतं, त्याच्या प्रतिध्वनीतला नव्वद टक्क्यांहून जास्त भाग त्या पिशवीचाच असतो. अटलांटिकमधल्या मॅकरेलला ही पिशवी नाही, म्हणून तो सोनारवर पुसट दिसतो. आणि क्रोकर कुळातले मासे याच पिशवीवर स्नायूंनी ढोलासारखा ठेका धरतात.

आपल्याकडची घोळ याच कुळातली. किनाऱ्यावर जिला भोत म्हणतात आणि जिच्यामुळे एखाद्या घोळीला सोन्यासारखा भाव येतो, ती हीच पिशवी. म्हणजे घोळ जिच्यामुळे बोलते, तिच्याचमुळे फिश फाइंडरवर दिसते आणि तिच्याचसाठी विकली जाते.

हेरिंग संपला तेव्हा

आतापर्यंतची गोष्ट कुतूहलाची होती. इथून पुढे ती धंद्याची होते.

जपानमध्ये नागासाकीकडे फुरुनो नावाचे दोघे भाऊ बोटींवरच्या विजेच्या उपकरणांचं काम करायचे. मासे असतात तिथे पाण्यात बुडबुडे येतात, असं एका मच्छीमाराने थोरल्या भावाला सांगितलं, ही गोष्ट त्यांची कंपनी आजही सांगते. बुडबुड्यांवरून आवाज परततो, मग माशांवरून का नाही? युद्धानंतर उरलेल्या यंत्रसामग्रीवर खटपट करून त्यांनी १९४८ साली मच्छीमारांना वापरता येईल असा फिश फाइंडर बाजारात आणला. फुरुनो हे नाव आज कुठल्याही बंदरात ऐकायला मिळतं.

नॉर्वेमध्ये १९५० साली 'जी. ओ. सार्स' हे संशोधन जहाज पाण्यात उतरलं. त्याच्यावर खाली बघणाऱ्या यंत्राबरोबर आडवं, चहूबाजूंनी ऐकणारं सोनारही होतं. फिन देवोल्ड हे शास्त्रज्ञ त्यावरून हेरिंगचा माग काढत. शरद ऋतूत आइसलंडच्या बाजूला असलेले थवे हिवाळ्यात नॉर्वेच्या किनाऱ्याकडे अंडी घालायला निघत. देवोल्ड त्यांच्याबरोबर समुद्र ओलांडत आणि रेडिओवरून खबर देत. थवे कुठवर आलेत, किनाऱ्याला कुठे लागतील. मच्छीमार त्या बातमीची वाट बघत बसलेले असत. सरकारी शास्त्रज्ञ हा त्या काळात नॉर्वेमधला लाडका माणूस होता.

मग मच्छीमारांनी स्वतःच सोनार बसवलं. जोडीला पॉवर ब्लॉक आला. भलंमोठं पर्ससीन जाळं यंत्राने ओढून घेणारी ही कप्पी. ती आल्यावर पूर्वी कितीतरी हातांना लागणारं काम मोजक्या माणसांत व्हायला लागलं. साठीच्या दशकात दोन्ही गोष्टी झपाट्याने पसरल्या. १९६६ च्या आसपास या एका साठ्यातून वर्षाला जवळजवळ वीस लाख टन हेरिंग निघत होता. बराचसा माणसाच्या पोटातही जात नव्हता, त्याचं तेल आणि भुकटी व्हायची. मोठ्या माशांबरोबर फ्योर्डमधली पिल्लंही ओढली जात होती.

दशक संपेपर्यंत हेरिंग जवळपास नाहीसा झाला. आइसलंडच्या उत्तरेला सिग्लुफ्योर्दुर हे हेरिंगवर उभं राहिलेलं गाव. तिथल्या धक्क्यांवर मासे साफ करायला दर उन्हाळ्यात देशभरातून मुली यायच्या. १९६९ नंतर ते धक्के रिकामे झाले. आज तिथे त्या दिवसांचं संग्रहालय आहे. आइसलंडच्या निर्यातीचा आधारच गेला आणि चलनाचं अवमूल्यन करावं लागलं.

सगळा दोष सोनारच्या माथी मारणं बरोबर नाही. पॉवर ब्लॉक होता, पिल्लांची मासेमारी होती, त्या वर्षांत समुद्राचं पाणीही गार पडलं होतं. पण एक प्रश्न मला सोडत नव्हता. जगातली उत्तम यंत्रं, उत्तम शास्त्रज्ञ आणि पिढीजात मच्छीमार तिथे होते. मग शेवटपर्यंत कुणाला कळलं कसं नाही?

उत्तर वाचलं तेव्हा ओळखीचं वाटलं. समुद्रात मासा किती आहे, हे ठरवायची सोपी पद्धत म्हणजे एका फेरीत किती मिळाला ते बघायचं. मासे कमी झाले तर फेरीला मिळणारा मासाही कमी होईल, हे गृहीतक. हेरिंग मात्र थव्याने राहतो. एकूण मासे कमी झाले तरी उरलेले एकत्र येऊन दाट थवाच करतात. फक्त थव्यांची संख्या घटते, त्यांचा इलाका आक्रसतो. आंधळेपणाने जाळं टाकणाऱ्याला हे लवकर जाणवलं असतं, त्याच्या बऱ्याच फेऱ्या रिकाम्या गेल्या असत्या. सोनारवाला मात्र उरलेल्या थव्यावर नेमका जायचा आणि जाळं भरून यायचा. शंभर थवे असोत की दहा, त्याच्या स्क्रीनवरचा डाग तसाच गडद.

आमच्याकडे याला चुकीचा मेट्रिक म्हणतात. डॅशबोर्ड हिरवागार असतो, सर्व्हरचा प्रतिसाद झकास असतो, कारण निम्मे युजर केव्हाच सोडून गेलेले असतात. यंत्र खोटं बोलत नव्हतं. त्याला विचारलेला प्रश्न 'मासा कुठे आहे' हा होता. 'मासा किती उरलाय' हे त्याला कुणी विचारलंच नव्हतं.

मोजायला शिकणं

योगायोग असा की तो दुसरा प्रश्न विचारणं नॉर्वेमध्येच, त्याच वर्षांत सुरू झालं होतं. १९६५ साली ड्रागेसुंड आणि ओल्सेन या दोघांनी परत येणाऱ्या प्रतिध्वनींची बेरीज करायची पद्धत मांडली. कल्पना सोपी आहे. एका माशाकडून येणारी ऊर्जा माहीत असेल, तर सगळ्या माशांकडून आलेल्या एकूण ऊर्जेला तिने भागायचं. डाग किती गडद हे डोळ्यांनी बघण्याऐवजी आकडा काढायचा. त्यांनी हे करून पाहिलं ते माशांच्या त्या वर्षीच्या पिल्लांवर, कारण या वर्षी किती पिल्लं आहेत यावर काही वर्षांनी किती मासे असतील हे ठरतं.

सोपं वाटतं, पण गोम 'एका माशाकडून येणारी ऊर्जा' यात आहे. मासा आडवा आहे की तिरका, केवढा आहे, किती खोल आहे, यावर ती बदलते. हिशोब डेसिबलमध्ये असतो आणि तीन डेसिबलची चूक झाली की माशांचा आकडा दुप्पट किंवा निम्मा होतो. म्हणून जहाज आधी आखलेल्या रेषांवरून जातं, मासा दिसो न दिसो. कारण रिकामं पाणी हाही डेटा असतो. मधून मधून जाळं टाकून पडद्यावरचा डाग कुठल्या जातीचा, हे तपासायचं. आणि पुढच्या वर्षी त्याच ऋतूत, त्याच भागात पुन्हा जायचं. मच्छीमार डाग शोधत जातो, मोजणारा रेषेवरून जातो. यंत्र दोघांचं एकच.

हेरिंगसाठी ही मोजणी उशिरा आली. सत्तरीच्या दशकात मासेमारी जवळजवळ बंद ठेवावी लागली आणि तरी बरीच वर्षं काही हाललं नाही. मग १९८३ साली, मूस यांनी पिंग लिहिला त्याच वर्षी, पिल्लांची एक जोरदार पिढी जन्माला आली. तिला मोठं होऊ दिलं गेलं. तिच्या जोरावर नव्वदीच्या दशकात हेरिंग पुन्हा लाखो टनांत मोजण्याइतका झाला. एक चूक निस्तरायला वीस वर्षं लागली.

यातलं काही आपल्याकडे आलं का? आलं, आणि रत्नागिरीपर्यंत आलं. १९७१ पासून कोचीनला संयुक्त राष्ट्रं आणि नॉर्वेच्या मदतीने एक प्रकल्प चालला. त्याच्या दोन जहाजांची नावं होती 'सार्डिनेला' आणि 'रास्ट्रेलिजर'. ही तारलीची आणि बांगड्याची शास्त्रीय कुळनावं. रत्नागिरीपासून तुतिकोरिनपर्यंतच्या समुद्रात आवाज सोडत या जहाजांनी तारली आणि बांगड्याचा अंदाज घेतला. काकांच्या वडिलांनी कदाचित त्यातलं एखादं जहाज लांबून पाहिलंही असेल.

आज त्याच समुद्रात पर्ससीन आहे, फिश फाइंडर आहे, आणि पारंपरिक मच्छीमार विरुद्ध पर्ससीनवाले हा वाद प्रत्येक बंदरात आहे. २०१६ साली राज्य सरकारने पर्ससीनवर निर्बंध घातले तरी तो मिटलेला नाही. आज प्रत्येक तांडेलाच्या केबिनमध्ये तिशीच्या दशकातल्या संशोधन जहाजापेक्षा चांगलं यंत्र आहे. तिकडे गोव्यात दोना पावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचे लोक ग्रांदे बेटाजवळ पाण्यात मायक्रोफोन सोडून संध्याकाळी सुरू होणारा माशांचा कोरस नोंदवतात. स्वतः एकही पिंग न सोडता, नुसतं ऐकून कोण कोण आहे हे ओळखायचं. मला ते काम फार आवडलं.

लेख लिहिता लिहिता मी सुंड यांचा तो १९३५ चा कागद काकांना व्हॉट्सॲपवर पाठवला. कुठला, कधीचा, काहीच लिहिलं नाही. बंदीचे दिवस होते, काका घरीच होते. दहा मिनिटांत फोन आला.

"खालचा तळ आहे. वरचा पट्टा म्हावरं. चांगलं लागलंय. किती वावात आहे?"

मी सगळं सांगितलं. नव्वद वर्षांपूर्वीचं, नॉर्वेमधलं, कॉड नावाचा मासा. काका थोडा वेळ गप्प राहिले.

"अजून लागतं काय तिथं?"

लागतं, मी म्हटलं. दर हिवाळ्यात येतो. दरवर्षी जहाज पाठवून मोजतात आणि त्यावरून किती पकडायचा ते ठरवतात. गेली काही वर्षं आकडा कमी येतोय, म्हणून कोटाही कमी करत आणलाय.

"आणि ऐकतात सगळे?"

बहुतेक ऐकतात, मी म्हटलं. एकदा न ऐकून पाहिलंय त्यांनी.